दाताच्या मुळातील पोकळी कशी भरावी? : एक तौलनिक विचार

'दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्या काळात ही म्हण रूढ झाली, त्या काळात ठणकणारी दाढ म्हणजे उपटून टाकावयाची दाढ, असाच सरळ हिशेब होता. आज परिस्थिती पालटली आहे. कीड थेट मुळापर्यंत पोचलेली दाढसुद्धा आता तोंडात राखता येते. या उपचाराला आपण सरसकट 'रूट कॅनॉल' म्हणतो. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रमैत्रिणी त्याला 'बेरु नाळ चिकित्से' म्हणतील. बेरु म्हणजे मूळ. भाषा कोणतीही असो, उपचाराच्या नावात मूळच आहे, आणि खरी मेख तेथेच आहे.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. दंतवैद्यकावर लिहिण्याचा हिला काय अधिकार, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच की दवाखान्यातील खुर्चीत बसणारे आणि बिल भरणारे आपणच असतो. शिवाय एकाच कामाचे चारपाच मार्ग समोर असताना त्यांची तुलना कोणत्या कसोट्यांवर करावी, हे तर आमच्या शाखेत शिकवलेच जाते. उपचार ठरवण्याचे काम दंतवैद्याचे. परंतु काय ठरत आहे हे समजून घेण्याचे काम आपले आहे. प्रस्तुत लेखात मी या उपचाराच्या शेवटच्या पायरीचा, म्हणजे साफ केलेली पोकळी भरण्याच्या पद्धतींचा, विचार करणार आहे.

पोकळी भरावयाची कशासाठी?

आरशात दिसतो तो दाताचा केवळ वरचा भाग. मूळ जबड्याच्या हाडात रुतलेले असते. बाहेरून दंतवल्काचे कठीण कवच, त्याखाली दंतिनाचा थर आणि सर्वांत आत मऊ मज्जा, अशी दाताची रचना आहे. या मज्जेत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात आणि ती मुळातील बारीक नळीतून थेट टोकापर्यंत उतरते. पुढच्या वरच्या दातात बहुधा अशी एकच नळी असते. खालच्या पहिल्या दाढेत साधारणपणे तीन, कधी चार. वरच्या पहिल्या दाढेत पुष्कळदा चार असतात.

कीड मज्जेपर्यंत पोचली की मज्जा सुजते, मरते आणि जंतूंचे घर बनते. या दुखण्याला खरे जबाबदार जंतूच, हे १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड या तिघांनी दाखवून दिले. त्यांनी उंदरांच्या दाढांना भोके पाडून मज्जा उघडी केली. साध्या उंदरांची मज्जा सडली आणि मुळाशी गळवे झाली. परंतु जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांची मज्जा, वर अन्न कोंबले गेले असतानाही, जिवंत राहिली आणि भोकावर नवा कठीण थर धरू लागला. इजा दोघांना सारखीच, जंतू मात्र एकाकडेच.

म्हणून उपचाराचे पहिले काम जंतूंना हुसकावण्याचे. बारीक कानशींनी नळी खरवडून रुंद करावयाची आणि सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने, म्हणजे कपडे पांढरे करणाऱ्या ब्लीचच्या भाऊबंदाने, ती पुन्हापुन्हा धुवायची. परंतु ही नळी पाण्याच्या पाइपासारखी गोल व सरळ नसते. ती वाकते, चपटी होते, दोन नळ्यांमध्ये अरुंद फटी असतात, बाजूंना फाटे फुटतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सूक्ष्म क्ष-किरण चित्रणाने असे आढळले की कोणतीही कानस वापरली तरी नळीच्या भिंतींचा ३५ टक्के वा त्याहून अधिक भाग तिच्या स्पर्शावाचून राहतो. तेथे द्रावण पोचले तरच सफाई होते.

आता पोकळी भरण्याची तीन कारणे ध्यानात येतील. वरून लाळ व जंतू आत झिरपू नयेत. खालून मुळाच्या टोकाशी असलेला द्रव आत शिरून उरल्यासुरल्या जंतूंना अन्न मिळू नये. आणि जे जंतू फटीत उरले असतील ते तेथेच कोंडले जावेत. थोडक्यात, भरणे म्हणजे सफाई नव्हे. केलेली सफाई टिकवणारे ते कुलूप आहे. हा भेद वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढील सर्व तुलना त्यावर उभी आहे.

समुद्रातील तारेपासून दातापर्यंत

भरण्याचे मुख्य द्रव्य म्हणजे गुट्टापर्चा. मलाया, सुमात्रा, बोर्निओ या भागांतील एका झाडाचा हा चीक. रासायनिक दृष्ट्या तो रबराचा सख्खा भाऊ. घटक तेच, फक्त त्यांची मांडणी वेगळी, आणि त्यामुळे तो रबरासारखा ताणला न जाता कडक राहतो. गरम केला की मऊ होतो, थंड झाला की घेतलेला आकार धरून ठेवतो. १८४३ मध्ये सिंगापूरमधील डॉक्टर माँटगोमेरी यांच्याकडून याचे नमुने इंग्लंडला पोचले आणि लवकरच त्याला जगाच्या बाजारात मोठी मागणी आली. खाऱ्या पाण्यात न कुजणारे आणि वीज बाहेर जाऊ न देणारे वेष्टन म्हणून समुद्राखालील तारांना त्याची गरज होती. १८५१ मध्ये डोव्हर व कॅले यांच्या दरम्यान पडलेली तार आणि १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबई व एडन यांच्यामध्ये टाकलेली तार, दोन्ही गुट्टापर्चात गुंडाळलेल्या होत्या. या मागणीपायी मलायातील झाडे बेसुमार तोडली गेली, हाही व्यापाराच्या इतिहासातील एक धडाच आहे.

दंतवैद्यांनी हा पदार्थ लवकरच उचलला. १८४७ मध्ये अमेरिकेत हिल याने त्यात चुना व गारगोटीची भुकटी मिसळून दात भरण्याचे द्रव्य बनवले. मुळाची नळी भरण्यासाठी त्याचा पहिला वापर १८६७ मध्ये बोमन याने केला, असे मानले जाते. समुद्राखालच्या तारांतून गुट्टापर्चा कधीच हद्दपार झाला. दातात मात्र दीडशे वर्षांनंतरही तोच आहे. आज दवाखान्यात येणाऱ्या गुलाबी-केशरी बारीक कांड्यांत प्रत्यक्ष गुट्टापर्चा सुमारे एक-पंचमांशच असतो. बाकी बराचसा भाग झिंक ऑक्साइडचा असतो, आणि क्ष-किरण चित्रात कांडी दिसावी म्हणून जड धातूंचे क्षार घातलेले असतात.

गुट्टापर्चा दाताला आपणहून चिकटत नाही. म्हणून कांडी आणि भिंत यांच्यामध्ये सीलर, म्हणजे आपल्या भाषेत लुकण, लावावे लागते. झिंक ऑक्साइड आणि लवंगेच्या तेलातील युजेनॉल यांचे लुकण सर्वांत जुन्यांपैकी. दातांच्या दवाखान्यात शिरताच जो लवंगेचा वास येतो तो बहुधा याचाच. पुढे इपॉक्सी रेझिनची लुकणे आली आणि अलीकडे कॅल्शियम सिलिकेटची, ज्यांना बायोसिरॅमिक म्हणतात. ही शेवटची बांधकामाच्या पोर्टलंड सिमेंटच्या नात्यातली आहेत.

गुट्टापर्चाला बाजूला सारण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९३० च्या दशकात चांदीच्या सळया आल्या. त्या ताठ असल्यामुळे वाकड्या नळीत सहज जात आणि चित्रात सुंदर दिसत. परंतु त्या नळीला नीट बसत नसत, गंजत, आणि गंजातील द्रव्ये मुळाशी दाह निर्माण करीत. २००४ च्या सुमारास रेझिलॉन नावाचा कृत्रिम पदार्थ दाताशी एकजीव होईल अशा जाहिरातीसह आला; लांब मुदतीच्या पाहण्यांत तो गुट्टापर्चाच्या बरोबरीने टिकला नाही आणि मागे पडला. नवा माल तो चांगला माल, हे समीकरण येथे दोनदा खोटे ठरले.

पद्धती : एकेकीची ओळख

पहिली, थंड कांड्या बाजूने दाबण्याची. १९१४ मध्ये कॅलहान याने मांडलेल्या कल्पनेपासून विकसित झालेली ही रीत जगभरच्या दंतमहाविद्यालयांत शिकवली जाते. नळीच्या टोकाशी घट्ट बसणारी एक मुख्य कांडी लुकण लावून घालतात. मग स्प्रेडर नावाचे टोकदार हत्यार तिच्या बाजूने खुपसून तिला भिंतीकडे रेटतात, झालेल्या जागेत बारीक जोडकांडी सारतात, आणि हत्यार आत जाईनासे होईपर्यंत हेच करीत राहतात. पोत्यात धान्य भरताना आपण मधूनमधून काठी खुपसून जागा करतो, तसाच प्रकार. हिचा मोठा गुण म्हणजे लांबी हातात राहते. कांडी मुळाबाहेर जाण्याची भीती कमी. हत्यारे स्वस्त, पुढे उपचार पुन्हा करावा लागला तर भरण काढणेही सोपे. दोष असा की कांड्या एकमेकींत वितळून एक होत नाहीत. त्यांच्यामधल्या जागा लुकणानेच भरतात, आणि नळीच्या फटींत गुट्टापर्चा पोचत नाही. जोर जास्त झाला तर मूळ तडकण्याचाही धोका असतो.

दुसरी, गरम करून वरून दाबण्याची. बोस्टनच्या हर्बर्ट शिल्डर यांनी १९६७ मध्ये हिचा पुरस्कार केला. नळी ही लांबी-रुंदी-खोली अशा तिन्ही अंगांनी भरली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. कांडी घालून तापलेल्या हत्याराने ती थोडी थोडी मऊ करावयाची आणि बोथट हत्याराने खाली दाबत न्यायची. टोकाकडचा भाग भरला की वरचा भाग मऊ गुट्टापर्चाच्या तुकड्यांनी भरून काढावयाचा. १९९६ मध्ये बुकॅनन यांनी विजेवर तापणारे टोक वापरून हे काम एकाच सलग दाबात करण्याची रीत मांडली. त्या यंत्राचे तापमान साधारण २०० अंश सेल्सिअसला लावतात.

या रीतीतील एक मर्म बेळगावच्या वाचकाला चटकन कळेल. आपल्या उद्यमबागेतील फाउंड्रीत साच्यात ओतलेला धातू थंड होताना आकसतो. ती तूट भरून निघावी म्हणून साच्याला रायझर ठेवतात, नाही तर ओतीव भागात पोकळी राहते. गुट्टापर्चाचेही तसेच आहे. गरम होऊन फुगलेला तो निवताना आकसतो. म्हणून तापवून सोडून द्यावयाचे नसते. निवेपर्यंत वरून दाब कायम ठेवावा लागतो. दात हा साचा आणि दंतवैद्याचा हात हा रायझर. हात लवकर उचलला, तर चित्रात न दिसणारी फट राहून जाते.

हिचा गुण उघड आहे. मऊ पदार्थ फाट्यांत व फटींत शिरतो आणि भरण एकजीव होते. दोषही आहेत. पदार्थ मुळाच्या टोकाबाहेर जाण्याचा संभव वाढतो. हत्यार खोल उतरावे म्हणून नळी अधिक रुंद करावी लागते, म्हणजे दाताचा निरोगी भाग खर्ची पडतो. शिवाय मुळाच्या बाहेरील पृष्ठभागाचे तापमान दहा अंशांहून अधिक वाढू नये, नाही तर भोवतालच्या हाडाला इजा होते. म्हणून उष्णता क्षणभरच द्यावी लागते.

तिसरी, पिचकारीची. १९७७ मध्ये मऊ केलेला गुट्टापर्चा सुईतून नळीत सोडण्याची रीत प्रसिद्ध झाली. काम झपाट्याने होते, परंतु खाली कोठे थांबावयाचे यावर ताबा कमी. म्हणून आज ती बहुधा दुसऱ्या पद्धतीच्या जोडीने, वरचा भाग भरण्यासाठी, वापरतात.

चौथी, कण्यावरच्या गुट्टापर्चाची. १९७८ मध्ये जॉन्सन यांनी सुचवलेल्या या रीतीत एका बारीक ताठ कण्याभोवती गुट्टापर्चाचा थर असतो. तो छोट्या भट्टीत मऊ करून कण्यासकट नळीत एका दमात उतरवतात. सुरुवातीला कणा धातूचा असे, मग प्लॅस्टिकचा आला, आणि पुढे खुद्द गुट्टापर्चावरच प्रक्रिया करून बनवलेला. वाकड्या, अरुंद नळीत ही रीत सोयीची. परंतु उतरवताना थर खरवडून मागे राहिला तर टोकाशी नुसता कणाच पोचतो. आणि कणा पुन्हा बाहेर काढणे हे जिकिरीचे काम.

पाचवी, एकाच कांडीची. नळी ज्या कानशीने रुंद केली तिच्याच मापाची एक कांडी लुकणात बुडवून घालावयाची, बस्स. जुन्या काळी ही आळशाची पद्धत मानली जाई, कारण पोकळीचा बराच भाग लुकणानेच भरे आणि जुनी लुकणे आकसत वा विरघळत. बायोसिरॅमिक लुकणे आल्यावर तिचे नशीब पालटले, कारण ती घट्ट होताना फारशी आकसत नाहीत आणि त्यांना ओलावा लागतोच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा प्रकारे भरलेल्या ३०७ दातांपैकी सुमारे ९१ टक्के यशस्वी ठरले. सरासरी पाहणीकाळ अडीच वर्षांचा होता. आकडा चांगला आहे, परंतु त्या पाहणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे विसरून चालणार नाही. शिवाय घट्ट झालेले हे लुकण पुढे काढावे लागले तर ते सोपे नसते.

तराजूत घालून पाहिले तर

आता मुख्य प्रश्न : यांत श्रेष्ठ कोणती?

काढलेल्या दातांवर प्रयोगशाळेत रंगीत द्रव झिरपवून कोणते भरण किती गळते हे मोजण्याच्या चाचण्या अनेक वर्षे चालल्या. त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नसत. अखेर २००७ मध्ये या शाखेतील एका अग्रगण्य अमेरिकी नियतकालिकाच्या संपादक मंडळानेच त्यांच्या उपयुक्ततेविषयी शंका प्रकट केली. खरी कसोटी माणसाच्या तोंडात, वर्षानुवर्षे.

त्याच वर्षी पेंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गरम पद्धती आणि थंड बाजूने दाबण्याची पद्धत यांची तुलना करणारे दहा अभ्यास एकत्र करून तपासले. उपचारानंतरचे दुखणे, दीर्घकालीन यश आणि भरणाचा दर्जा या तिन्ही बाबतींत लक्षणीय फरक आढळला नाही. फरक आढळला तो एकाच बाबतीत : गरम पद्धतीत पदार्थ मुळाबाहेर जाण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. टोरोंटो येथील प्रसिद्ध अभ्यासमालिकेत मात्र गरम पद्धतीचे दात सरस ठरले होते. परंतु तेथे नळीला आकार देण्याची रीतही वेगळी होती, तेव्हा श्रेय कोणाचे हे सांगणे कठीण. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की हिशेब लागत नाही, हे आम्हांला परिव्यय लेखाशास्त्राच्या पहिल्याच धड्यात कळते.

मग पद्धतीवाचून कशाने फरक पडतो? १९९० मध्ये स्वीडनच्या स्योग्रेन व सहकाऱ्यांनी आठ ते दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर दिलेले आकडे बोलके आहेत. मुळाशी आधीपासून व्रण नसलेले दात ९६ टक्के यशस्वी. व्रण असलेले ८६ टक्के. व्रण असलेल्या दातांत भरण मुळाच्या टोकापासून दोन मिलिमीटरांच्या आत संपले असेल तर ९४ टक्के, टोकाबाहेर गेले असेल तर ७६ टक्के, आणि दोन मिलिमीटरांहून आखूड राहिले असेल तर ६८ टक्के. म्हणजे भरण कोठपर्यंत पोचले याला मोठे मोल आहे.

दुसरी गोष्ट वरच्या झाकणाची. १९९५ मध्ये रे व ट्रोप यांनी १०१० दातांची क्ष-किरण चित्रे तपासली. मुळातील भरण आणि वरचे सिमेंट वा कॅप दोन्ही चांगली असता ९१.४ टक्के दात मुळाशी निर्दोष होते. दोन्ही वाईट असता केवळ १८.१ टक्के. लक्ष वेधून घेणारे आकडे मधले आहेत : मूळ चांगले भरलेले पण वरचे झाकण वाईट, तर ४४.१ टक्के, मूळ वाईट भरलेले पण झाकण चांगले, तर ६७.६ टक्के! यावर खळबळ उडाली. २००० मध्ये ट्रॉनस्टाड व सहकाऱ्यांच्या तशाच पाहणीत मुळातील भरणच अधिक महत्त्वाचे ठरले. २०११ मध्ये गिलन व सहकाऱ्यांनी साऱ्या अभ्यासांचा एकत्र विचार करून निर्वाळा दिला की दोन्ही चांगली असली तरच यशाची शक्यता वाढते. एक बाजू सांभाळून दुसरी सोडून चालत नाही. २००२ मधील आयोवा येथील एका पाहणीत तर रूट कॅनॉलनंतर कॅप न बसवलेले दात, कॅप बसवलेल्या दातांच्या सहापट प्रमाणात गमवावे लागल्याचे दिसले.

येथे एका जुन्या समजुतीचा उलगडा होतो. विसाव्या शतकाच्या मध्यास वॉशिंग्टन विद्यापीठात इंगल यांनी केलेल्या पाहणीत अपयशी दातांपैकी सुमारे ५९ टक्के दातांत भरण अपुरे आढळले, आणि 'भरण चुकले म्हणून दात गेला' हे सूत्र रूढ झाले. परंतु ज्या नळीत कानस टोकापर्यंत गेलीच नाही, तेथे भरण तरी कसे पोचणार? दुकानाची अखेरची शिल्लक चुकली तर दोष शेवटच्या ओळीचा नसतो. चूक मधल्या नोंदीत असते. क्ष-किरण चित्रात भरण दिसते, सफाई दिसत नाही. म्हणून दोष दिसणाऱ्याच्या माथी बसतो.

खर्चाची बाजू

हा विचार केवळ पुस्तकी नाही. आमच्या आत्याच्या खालच्या दाढेसाठी दोन दवाखान्यांनी दोन भाव सांगितले. दुसरा पहिल्याच्या जवळजवळ दीडपट होता. फरक कशाचा, असे मी विचारले, तेव्हा 'आमच्याकडे गरम भरण्याचे मशीन आहे' एवढेच उत्तर मिळाले. कॅपचे पैसे दोन्हींत धरलेले नव्हते. आत्या म्हणाली, "जास्त पैसे म्हणजे जास्त चांगले असणार, आणि मग कॅप नंतर कधीतरी बघू." पुष्कळ घरांत असाच निर्णय होत असेल, आणि वरील आकडे पाहता तो नेमका उलटा आहे. आत्याला मी ते आकडे वाचून दाखवले. तिने साधी पद्धत आणि लगेच कॅप असा मार्ग घेतला.

परिव्ययाच्या भाषेत सांगावयाचे तर थंड पद्धतीत स्थिर खर्च कमी पण दंतवैद्याचा वेळ अधिक. गरम पद्धतीत यंत्राचा स्थिर खर्च मोठा आणि शिकण्याचा काळही. कण्याच्या पद्धतीत दर दातामागे वस्तूचा खर्च अधिक, वेळ कमी. एका कांडीच्या पद्धतीत वेळ सर्वांत कमी, पण लुकण महाग. यंत्र घेतले की त्याची किंमत भावात उतरणारच, त्यात गैर काही नाही. काही दातांत तो खर्च सार्थही असतो. नळ्यांमध्ये रुंद फटी असतील, दुसऱ्या खालच्या दाढेत कधी आढळते तशी इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची नळी असेल, किंवा मूळ आतून झिजून खड्डा पडला असेल, तर थंड कांड्या त्या जागी पोचू शकत नाहीत. तेथे मऊ पदार्थच हवा. उलट मुळाचे टोक अद्याप उघडे असेल, तर गरम पदार्थ बाहेर वाहण्याचा धोका मोठा. साध्या, गोल, नीट साफ झालेल्या नळीत मात्र कोणतीही पद्धत काळजीपूर्वक केली तर पुरे.

निष्कर्ष

या सर्व विवेचनातून मला जे निष्पन्न होते ते असे. भरण्याच्या पद्धतींत फरक आहे, पण तो पद्धत कोणत्या दातासाठी, यावर अवलंबून आहे. एक सर्वश्रेष्ठ पद्धत नाही. दाताचे आयुष्य ठरवणाऱ्या गोष्टी भरण्याच्या आधी आणि नंतर आहेत. तेव्हा खुर्चीत बसण्यापूर्वी 'मशीन कोणते?' असे विचारण्याऐवजी पुढील चार प्रश्न विचारावेत, असे मी सुचवते :

१. सफाईच्या वेळी लाळ आत जाऊ नये म्हणून दाताभोवती रबर डॅम, म्हणजे रबराचा पडदा, लावणार का?
२. नळ्या किती आहेत, आणि त्यांची लांबी कशी मोजणार?
३. भरल्यानंतरच्या चित्रात भरण टोकाजवळ कोठपर्यंत आले आहे, ते मला दाखवाल का?
४. कॅप किंवा पक्के सिमेंट किती दिवसांत बसवणार, आणि त्याचा खर्च सांगितलेल्या रकमेत धरला आहे का?

या चारही प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली, तर भरण थंड आहे की गरम, याची फार चिंता करण्याचे कारण नाही. चांगला दंतवैद्य अशा प्रश्नांना रागावत नाही; तो चित्र उजेडासमोर धरतो आणि बोटाने दाखवतो. आणि पैसे मोजकेच असतील, तर ते आधी सफाईवर आणि कॅपवर खर्च व्हावेत, यंत्रावर नंतर.